आहेर आणू नये

सहस्रचंद्रदर्शनाच्या एका निमंत्रणपत्रिकेवर अगदी तळाशी, लग्नपत्रिकेत घरातल्या चिमुरड्यांचं 'यायचं हं' असतं त्या जागी, एकच ओळ छापलेली होती : 'कृपया आहेर, पुष्पगुच्छ, भेटवस्तू, काहीही आणू नये.' ज्यांचा समारंभ त्या आजींनी ती स्वतः सांगून घालून घेतली होती. सोहळा यथासांग झाला. ८१ दिव्यांनी ओवाळणं झालं, मसालेभात, अळूची भाजी आणि जिलबीची पंगत झाली, आणि दुपारी दोनपर्यंत आजींच्या खुर्चीमागच्या टेबलावर साड्यांचे खोके, शाली, चांदीचं निरांजन, दोन भिंतीवरची घड्याळं आणि पाकिटांचा गठ्ठा असा सगळा डोलारा उभा राहिला. संध्याकाळी तो घरी आणून पलंगावर ओतल्यावर आजी रागावल्या वगैरे नाहीत. भाचीला एवढंच म्हणाल्या, "मी लिहिलं होतं ते कुणालाच खरं वाटलं नाही का गं?"

हा प्रश्न मनातून जात नाही. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. त्या हिशेबाने हजार पौर्णिमा भरायला ८० वर्षं आणि साधारण दहा महिने लागतात. एवढं आयुष्य पाहिलेल्या बाईने विचार करून, छापून दिलेलं वाक्य शंभर-सव्वाशे समजूतदार माणसं एकाच दुपारी बाजूला ठेवतात, आणि तेही निव्वळ प्रेमापोटी. लहान मुलाकडे, देवळात, गुरूकडे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं आहे. हातात काही नसेल तर उंबरठ्यावर पाय अडखळतो. त्या अडखळण्याला मी कमी लेखत नाही. त्यामागे कृतज्ञता आहे, संकोच आहे, आणि 'आपण विसरलो नाही' हे दाखवायची खरी ओढ आहे. पण ती ओढ आपली असते, आणि तिचं ओझं वाहायला आपण निवडतो ते माणूस ८१ वर्षांचं असतं.

मुळात नकार ऐकायची सवय आपल्याला लागलेलीच नाही, आणि याची सुरुवात पंगतीत होते. पानावर आडवा हात धरला की वाढणाऱ्याला चेव येतो. "अहो एवढीशी घ्या, माझ्यासाठी घ्या, पहिल्यांदाच वाढतेय" असं म्हणत पाकाने निथळणारी जिलबी बोटांच्या फटीतून पानात उतरते, आणि पाहुणा हसत हसत ती खातो. पहिला नकार शिष्टाचाराचा, दुसरा भिडेचा, तिसरा झालाच तर तो खरा, हे गणित लहानपणापासून इतकं पक्कं होतं की पुढे कुठलाही नकार आपण पहिलाच समजतो. पंगतीत ते चालून जातं, कारण जिलबी जास्त झाली तर संध्याकाळी लंघन करता येतं. साडीचं आणि शालीचं तसं होत नाही.

गंमत म्हणजे आजींना हे गणित आपल्यापेक्षा जास्त चांगलं येतं. त्यांच्या पिढीनेच तर आग्रह करून करून वाढलं. म्हणून त्यांचा खरा नकार वेगळ्या रीतीने येतो आणि तो ओळखता येतो. दारात चपला काढतानाच "कशाला आणलंत उगीच" म्हणणं हा स्वागताचा भाग असतो. तसं म्हणताना हात पिशवीकडे गेलेला असतो, नजर आत डोकावत असते. "काय आणू तुमच्यासाठी?" या प्रश्नाला आलेलं "काही नको गं" हेही फारसं काही सांगत नाही, कारण त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच देता येत नाही. वस्तूचं नाव घेणं म्हणजे मागणं, आणि धाकट्यांकडे मागायची त्यांना सवय नाही. पण कुणी विचारलेलं नसताना, कार्यक्रमाच्या पंधरा-वीस दिवस आधी, फोन करून, कारणासकट सांगितलेलं 'आणू नका' हा निर्णय असतो. तेच वाक्य लेकीला, भाच्याला आणि शेजारच्या वहिनींना वेगवेगळं सांगितलं असेल तर तो पक्का निर्णय असतो. आणि गेल्या वेळची साडी अजून दुकानाच्या पिशवीत, किमतीच्या चिठ्ठीसकट, माळ्यावर दिसत असेल, किंवा ती कामवाल्या मावशींच्या अंगावर दिसली असेल, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

आता त्या माळ्याकडे आणि कपाटाकडे जरा जवळून बघू. भरजरी रेशमी साडी पाऊण किलोपासून किलोभरापर्यंत भरते. वापरून मऊ झालेली सुती साडी तीन-चारशे ग्रॅमची. खांद्याचा सांधा आखडलेल्या बाईला हा फरक दिवसभर जाणवतो. पदर सारखा घसरतो, निऱ्या ओढल्या जातात, बाथरूमला जाताना सगळं सावरत बसावं लागतं. आणि नवी साडी म्हणजे नुसती साडी कधीच नसते. तिला फॉल-पिको करायचा, ब्लाऊज शिवायला टाकायचा, शिंप्याकडे मापाला एकदा आणि आणायला एकदा असे दोन जिने चढायचे. ज्यांचा हात पाठीमागे जात नाही त्यांना हुक पुढून हवे, बाही थोडी सैल हवी, हे शिंप्याला नव्याने समजावायचं. रेशमी साडी ठेवून द्यायची म्हटली तरी ती स्वस्थ बसू देत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि जर काळी पडते, म्हणून जुन्या मलमलीत गुंडाळायची; तीन-चार महिन्यांनी उलगडून घडी बदलायची, नाहीतर घडीच्या रेषेवर रेशीम कातरल्यासारखं चिरतं; डांबरगोळ्या घालायच्या तर पुरचुंडीत बांधून, जरीला लागू न देता. कोकणातल्या घरात पावसाळ्याचे चार महिने यात आणखी बुरशीची भर. दहा साड्या असतील तर एवढं काम एका दुपारचं, तेही स्टुलावर चढून. ऐंशीच्या पुढच्या माणसाने स्टुलावर चढू नये म्हणून आपणच कानीकपाळी ओरडत असतो.

शालींचं प्रकरण वेगळं आणि थोडं करुण आहे. शाळेत, ग्रंथालयात किंवा सहकारी संस्थेत आयुष्य घालवलेल्या माणसाकडे शाल-श्रीफळातल्या शालींची अशी चळत असते की ती थंडीला कधीच उपयोगी पडत नाही. बहुतेक शाली सिंथेटिक, अंगावर टाकल्या की घसरणाऱ्या, एकाच तपकिरी-मरून रंगाच्या. त्या फेकवत नाहीत कारण प्रत्येकीला सत्कार चिकटलेला असतो, आणि देऊनही टाकवत नाहीत. भांड्यांचं त्याहून अवघड. पूर्वी आहेरात दिलेल्या भांड्यावर दुकानातच नाव घालून मिळायचं. यंत्राच्या सुईने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव, तारीख आणि 'यांजकडून'. ऐंशीच्या घरातल्या कुठल्याही बाईचं मांडणीवरचं स्टील उलटं करून बघा, काठाखाली निम्मी नावं आता नसलेल्या माणसांची सापडतील. पातेल्याच्या बुडाशी थोरल्या नणंदेचं नाव, पाण्याच्या तांब्यावर शेजारच्या काकांचं. रोज घासताना बोटांना ती अक्षरं लागतात. ज्यांच्या घरात वस्तू अशा माणसांसकट राहतात त्यांना नवी वस्तू हवीशी वाटत नाही, यात नवल कसलं? आणि ज्यांनी दोन खोल्यांचं घर सोडून वृद्धाश्रमातल्या एका पलंगाच्या आणि एका कपाटाच्या खोलीत बस्तान हलवलंय, त्यांच्यासाठी तर 'आणू नका' हे जागेचं साधं मोजमाप असतं.

यापेक्षा कमी दिसणारा भाग देण्या-घेण्याच्या हिशेबाचा. आहेराची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. लग्नामुंजीत एक विश्वासू मामा दाराशी वही घेऊन बसायचा आणि प्रत्येक पाकिटावरचं नाव आणि आकडा लिहून घ्यायचा, कारण उद्या त्यांच्या घरच्या कार्याला तेवढं तरी, जमल्यास थोडं वर घालून, परत करायचं असतं. आजींच्या मनात ती वही अजून उघडी आहे. आज त्यांनी तुमची तीन हजारांची साडी घेतली, तर तुमच्या मुलीच्या बारशाला, मुलाच्या दहावीला, तुमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला त्या काय देणार? कुटुंब निवृत्तिवेतनात गोळ्या, वीजबिल आणि कामवाल्या मावशींचा पगार भागवून उरतं त्यातून त्यांना ते जमवावं लागतं, आणि जमत नसलं तरी त्या बोलत नाहीत. त्यातच एका भाच्याने भारी आणलं की दुसरा कानकोंडा होतो. हेही त्यांना आधीच दिसतं. सरसकट सगळ्यांनाच 'आणू नका' सांगितलं की कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. नात्यांतला समतोल राखायची ही जुनी, शहाणी युक्ती आहे आणि ती एका माणसाने जरी मोडली तरी पूर्ण बिघडते. "मी काय परका आहे का?" म्हणून पुढे येणारा जवळचा नातेवाईकच ती बहुधा मोडतो.

डब्याचंही तेच. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तुम्ही घरचा शिरा म्हणून प्रेमाने डबा ठेवून आलात की आजींच्या डोक्यात तो डबा भरून पाठवायचं काम सुरू होतं, मग गुडघे दुखत असताना लाडू वळले जातात. न्यायचंच असेल तर एक-दोन वाट्यांपुरतं न्यावं, त्यांच्याच भांड्यात तिथल्या तिथे काढावं आणि आपला डबा विसळून लगेच पिशवीत टाकावा.

पैशांच्या पाकिटाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगतो, कारण ती फार जणांना ठाऊक नसते. मुलाने, मुलीने, नातवाने किंवा भावंडाने दिलेली रक्कम कितीही असली तरी आजींना त्यावर प्राप्तिकर लागत नाही. मावशीने भाच्याला दिली तरी भाच्याला लागत नाही. पण भाच्याने मावशीला किंवा पुतण्याने काकाला दिलेली रक्कम कायद्याच्या 'नातेवाईक' या व्याख्येत बसत नाही. व्याख्येबाहेरच्या अशा सगळ्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेलं तर ती सगळीच रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. लग्नाच्या आहेराला असलेली सूट वाढदिवसाला किंवा सहस्रचंद्रदर्शनाला मिळत नाही. भाच्या-पुतण्यांनी मिळून वर्गणी काढून मोठी रक्कम देण्याआधी हे बघून घ्यावं.

खाण्याच्या वस्तू तरी चालतील, असं वाटतं ना?

तिथे सर्वांत जास्त जपावं लागतं. मधुमेह असलेल्यांना साखरेची मिठाई द्यायची नाही एवढं आता सगळे पाळतात आणि 'शुगर-फ्री' खोका घेऊन जातात. त्यात खवा, तूप आणि पीठ तेवढंच असतं, आणि गोडीसाठी माल्टिटॉल घातलेलं असेल तर दोन वड्यांनीही पोट बिघडू शकतं. कवळीला बदाम चावत नाहीत. मूत्रपिंडाचं काम मंदावलेल्यांना सुकामेवा आणि शहाळं, म्हणजे आपण आजाऱ्याला भेटायला जाताना हमखास नेतो त्याच दोन गोष्टी, अपायकारक ठरू शकतात, कारण दोन्हींत पोटॅशियम भरपूर. शहाळ्याच्या मोठ्या पेल्यात ते साधारण अर्धा ग्रॅम असतं. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या पोटॅशियम शरीरात अडवून धरतात, त्यामुळे त्या चालू असतील तर आधी विचारायलाच हवं. परदेशातून येणाऱ्यांच्या तेवीस-तेवीस किलोच्या बॅगांतून तर औषधंच येतात. जीवनसत्त्वांच्या तीनशे गोळ्यांच्या बाटल्या, ज्यातली एकेक गोळी जर्दाळूच्या बीएवढी आणि गिळताना घशात अडकणारी. आणि सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेनचे मोठे डबे. रक्तदाबाची अशी गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि आयबुप्रोफेन ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडाला मोठा धोका असतो. अमेरिकेत पॅरासिटामॉललाच अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, म्हणून इकडची गोळी चालू असताना तीच तिकडच्या नावाने दुसऱ्यांदा घेतली जाते. आजी "तिकडून काही आणू नकोस" म्हणतात तेव्हा अशा अर्धवट संपलेल्या, मुदत उलटलेल्या बाटल्यांचा खण त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. टाकायला जीव होत नाही, कारण लेकाने डॉलर मोजलेले असतात.

इथवर मी एकच बाजू मांडली : म्हणतात ते खरं धरा. तरीही एका नकाराशी माझं पटत नाही आणि त्याच्याशी वाद घालावा असं मला मनापासून वाटतं. आजोबा गेल्यानंतर वर्षा-दोन वर्षांत आजी म्हणू लागतात, "आता मला काय करायच्यात साड्या?" ऐकायला तो बाकीच्या नकारांसारखाच. पण जरा थांबून बघितलं तर त्यात जागेचा प्रश्न नसतो, खर्चाचा नसतो, गुडघ्यांचा तर नसतोच. कपाटातली हिरवी इरकल त्या हात फिरवून पुन्हा आत ठेवतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणी वाण लुटत असतात तेव्हा त्या स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसतात, कुणी बोलावायच्या आत स्वतःच बाजूला होतात. हा नकार त्यांच्या तोंडून येतो, पण तो त्यांचा नसतो. चार बायकांनी काय म्हटलं असतं हे आधीच ओळखून त्यांनी तो स्वतःवर घातलेला असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. ठरावाने गावातली रीत बदलायला सुरुवात होते. कपाटापुढे उभ्या राहिलेल्या बाईच्या मनातली रीत घरच्यांनाच बदलावी लागते. त्यासाठी नवी साडी आणून हातात कोंबायची नाही. त्यांचीच आवडती साडी काढून, "आज ही नेसा ना, मी निऱ्या धरते" म्हणायचं. हळदीकुंकवाला घरातल्या सुनेने सगळ्यांत आधी त्यांना बोलवायचं, त्यांच्या हातून वाण द्यायचं आणि त्यांची ओटी भरायची. पहिल्या वेळी त्या मागे सरतील. तिथे मात्र पंगतीतला आपला सगळा आग्रह वापरावा. आणि इतकं होऊनही त्यांना खरोखर पांढरी-फिकी सुतीच बरी वाटत असेल तर तीही त्यांचीच निवड, मग पुन्हा बोलू नये.

हा एक अपवाद सोडला तर विनंती जशीच्या तशी पाळायची, आणि तरीही रिकाम्या हाताने जायला नको असेल तर हातांनी करता येईल असं काम घेऊन जायचं. "काही काम आहे का?" असंही विचारू नये, त्यालाही "काही नाही रे" हेच उत्तर मिळतं. घरात गेल्यावर आपण बघायचं. जिन्यातला दिवा गेलेला असतो. नऊ वॅटचा एलईडी खिशात घेऊन गेलं की दोन मिनिटांचं काम. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला असतो, नळाचा वॉशर झिजलेला असतो, गॅसच्या रबरी नळीवर छापलेली मुदत संपलेली असते. मोबाइलवरची अक्षरं मोठी करून हवी असतात. बाथरूममध्ये धरायला दांडी हवी हे सगळ्यांना कळतं, पण ती न विचारता बसवली की आजींना आपण म्हाताऱ्या झाल्याची पाटी लावल्यासारखी वाटते. त्यांना संडासाजवळ आणि आंघोळीच्या जागी उभं करून हात जिथे आपसूक जातो तिथे पेन्सिलने खूण करावी, ती बहुधा जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांच्या दरम्यान येते. दांडी भिंतीत भोक पाडून स्क्रूने बसवावी. रबरी चकत्यांनी चिकटणारी मिळते ती टाइलवरून अचानक सुटते, आणि नेमकी तोल गेल्यावर सुटते.

सर्वांत उपयोगी काम नोव्हेंबरात असतं. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना त्या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. बँकेतल्या यंत्रावर बोट ठेवलं की म्हाताऱ्या माणसांचे ठसे उमटत नाहीत. भांडी घासून, शेतात राबून आणि वयाने बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या असतात, आणि रांगेत पुन्हा पुन्हा बोट दाबताना त्या अगदी खजील होतात. नोव्हेंबर २०२१ पासून हेच काम चेहरा दाखवून होतं. फोनमध्ये 'आधार फेसआरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन अ‍ॅप लागतात. आधार क्रमांक, पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक, निवृत्तिवेतन जमा होतं त्या बँक खात्याचा क्रमांक आणि ओटीपीसाठी मोबाइल जवळ ठेवायचा. आजींना खिडकीकडे तोंड करून बसवायचं, उजेड पाठीमागून नको, चष्म्यावर चकाकी येत असेल तर चष्मा काढायचा, आणि पापण्या मिटून उघडायला सांगायचं. अडतं ते बहुतेक वेळा दोन ठिकाणी : आधारवर नाव एका तऱ्हेने आणि बँकेत दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं असतं, किंवा निवृत्तिवेतन मंजूर करणारं खातं यादीतून चुकीचं निवडलं जातं आणि दाखला नंतर नामंजूर होतो. म्हणून पीपीओचा कागद समोर ठेवूनच भरावं, आणि मिळालेला प्रमाण क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवावा. वीस मिनिटांचं काम आहे. पण त्या वीस मिनिटांनंतर आजींच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव दिसतो तो कुठल्याही खोक्याची फीत सोडताना मी पाहिलेला नाही.

काही पत्रिकांवर 'आहेराऐवजी अमुक संस्थेला देणगी द्यावी' असं असतं. ते तर शब्दशः पाळावं. संस्था त्यांनी सांगितलेलीच, मग ती वरोऱ्याचं आनंदवन असो की गावातली शाळा. आपल्याला दुसरी जास्त गरजू वाटते म्हणून बदलू नये. पावती आपल्या नावाने आणि आपल्या पॅनसह घ्यावी. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी करसवलतीला धरत नाहीत आणि ही सवलत जुन्या करप्रणालीतच आहे, म्हणून धनादेश किंवा ऑनलाइन बरं. आणि पावती समारंभात नेऊन दाखवू नये, नाहीतर तिचाही आहेर होतो. संस्थेकडून आजींना आभाराचं पत्र गेलं की त्यांना कळतंच.

आणखी एक गोष्ट या विनंतीबरोबर नेहमी येते आणि तिच्याकडे आपलं दुर्लक्ष होतं. जी आजी काही घेत नाही ती द्यायला मात्र बसलेली असते. निघताना कढीपत्त्याची डहाळी, मेतकुटाची पुडी, नातवाच्या मुठीत दाबलेली पन्नासची नोट. "अहो, कशाला" म्हणत आपण ती नोट परत त्यांच्या उशीखाली सरकवतो. ती घ्यावी. खिशात घालावी आणि नमस्कार करावा. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला आता फक्त घेणारी व्हायचं नसतं. काय यावं आणि काय जावं हे ठरवणं एवढीच सत्ता उरलेली असते. मग एखाद्या दुपारी त्या मांडणीकडे बोट दाखवून म्हणतात, "ते नणंदेचं नाव असलेलं पातेलं तुझं हो." आपण घाईघाईने "असं काय बोलता, अजून शंभरी गाठायचीय" म्हणतो आणि त्यांचं बोलणं तिथेच तुटतं. त्याऐवजी शेजारी बसावं, वही काढावी आणि विचारावं की बाकीचं कुणाला. भांडीकुंडी, देव, फोटो यांना ती वही पुरते. दागिने, ठेवी आणि घर यांच्यासाठी मृत्युपत्र हवं. ते साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी केली तर चांगली पण सक्तीची नाही. त्यांची सही मात्र दोन साक्षीदारांसमोर व्हायला हवी आणि त्या दोघांनीही सही करायला हवी. साक्षीदार त्यांच्यापेक्षा वयाने लहान आणि ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे निवडावेत, आणि शुद्धीवर, समजून-उमजून सही केल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा जोडावा. पातेल्यासाठी मात्र एवढं काही लागत नाही. आजच ने म्हणाल्या, तर आजच न्यावं.